किण्व, मका आणि महसूल

दारूच्या इतिहासाकडे वळणारे बहुतेक लेखक भट्टीपाशी जाऊन थांबतात, आणि त्यात त्यांचा फारसा दोषही नाही. तांब्याचा हंडा, थंड पाण्याच्या पिंपातून वेटोळे घेत उतरणारी नळी, रानातून वर चढणारा धूर आणि त्या धुराच्या मागावर निघालेला सरकारी अंमलदार ही सामग्री मुळातच इतकी नाट्यमय आहे की, तिच्यापुढे एका बाजूस झाकून ठेवलेल्या लाकडी पिंपाकडे लक्ष जावे कसे? परंतु विचारान्ती असे दिसते की, भट्टी दारू उत्पन्न करीत नाही. आधीच उत्पन्न झालेला मद्यार्क ती केवळ पाण्यापासून विलग करते. मद्यार्काची खरी उत्पत्ती त्यापूर्वी तीन-चार किंवा आठ-दहा दिवस त्या मुक्या पिंपात चाललेली असते, आणि ती घडवून आणणारे कर्ते म्हणजे, ज्याला आपण व्यवहारात यीस्ट म्हणतो, त्या किण्वाच्या नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी होत. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात ॲपलाचियन नावाची जी लांबलचक पर्वतराजी आहे, तिच्या खोऱ्यांतून मक्याची दारू घरोघर गाळणारे शेतकरी आणि तिच्यावर कर वसूल करू पाहणारे सरकार यांच्यात दीड शतक जो झगडा चालला, त्याचे वर्णन आजवर पुष्कळांनी केले आहे. मात्र त्या झगड्यात सरकारची नजर प्रथम भट्टीवर, मग पिंपावर आणि अखेरीस खुद्द किण्वावर कशी सरकत गेली, आणि या शेवटच्या टप्प्यावर शेतकऱ्याचा पराभव त्याच्या स्वतःच्याच हातून कसा झाला, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल.

मका हे अमेरिकेच्या भूमीतले मूळ धान्य. इंग्रज वसाहतवाले व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उतरल्याला पंधरा वर्षेही लोटली नव्हती, तोच १६२० मध्ये जॉर्ज थॉर्प नावाच्या तेथील एका गृहस्थाने लंडनला कळवले की, या देशी धान्यापासून उत्तम पेय करण्याची रीत आपल्याला साधली असून, कडक इंग्लिश बिअर हाताशी असतानाही कधी कधी आपण तेच पसंत करतो. पुढे अठराव्या शतकात आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातून स्कॉटिश वंशाचे हजारो लोक अमेरिकेत आले आणि किनाऱ्यालगतच्या सुपीक जमिनी आधीच्या लोकांनी व्यापलेल्या असल्यामुळे पश्चिमेकडे सरकत सरकत डोंगरात शिरले. घरी दारू गाळण्याची विद्या त्यांनी मायदेशाहून आणली होती. परंतु ती विद्या होती जवाची. पेनसिल्व्हेनियात त्यांनी राय नावाचे धान्य वापरले. त्याहून दक्षिणेला आणि पश्चिमेला, नुकत्याच तोडलेल्या जंगलाच्या बुंध्यांमधून, उतरणीच्या पातळ मातीतही जे जोमाने येई, ते मका हेच एक धान्य होते. रस्ते नसल्यासारखेच, घोडा डोंगर ओलांडून फार तर चार बुशेल धान्य वाहून नेई, पण तेच धान्य दारूच्या रूपाने न्यायचे ठरवले तर चोवीस बुशेलांचे मोल त्याच्या पाठीवर मावे. रोकड नाण्याची इतकी टंचाई होती की, दुकानदाराची उधारी आणि मजुराची मजुरी दारूच्या मापाने चुकती होत असे. तेव्हा ही गाळणी म्हणजे त्या शेतकऱ्यांची चैन नव्हती. पीक बाजारात नेण्याची ती एकमेव किफायतशीर वाट होती.

पण मका हे धान्य आंबवणाऱ्याची परीक्षा पाहणारे आहे. किण्वाला शर्करा लागते. पिष्ट त्याला पचत नाही. आणि मक्याच्या दाण्यात शर्करा थोडी व पिष्ट अपरंपार. द्राक्षाच्या किंवा उसाच्या रसात शर्करा आयती असल्यामुळे रस उघडा ठेवला की काम आपोआप सुरू होते. मक्याच्या बाबतीत आधी पिष्टाची शर्करा करून घ्यावी लागते. त्यासाठी दाणे भरड दळून उकळत्या पाण्यात इतके शिजवत की, त्याची घट्ट लापशी होई. मग ती हाताला सोसवेल-न-सोसवेल इतपत निवली म्हणजे तीत मोड आणून, वाळवून दळलेले धान्य घालून ढवळत. जव मिळाले तर जवाचे, नाही तर मक्याचेच मोड काढत: दाण्यांवर कोमट पाणी शिंपडून ते उबदार जागी झाकून ठेवीत आणि कोंब दोन बोटे वाढले की वाळवीत. मोड आलेल्या धान्यात पिष्ट विरघळवणारे जे द्रव्य असते, ते पायें आणि पेर्सो या फ्रेंच रसायनज्ञांनी १८३३ मध्ये प्रथम वेगळे काढून दाखवले; परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून डोंगरातल्या अशिक्षित शेतकऱ्याला एवढे पक्के ठाऊक होते की, लापशी फार कढत असताना मोडाचे पीठ घातले तर मोडाचा जीव जातो, आणि फार गार झाल्यावर घातले तर गोडी उतरत नाही. ज्या घटकेला मघाचा तो चिकट, बेचव लगदा पातळ होऊन जिभेला गोड लागू लागे, त्या घटकेला पहिली पायरी यशस्वी झाली असे तो समजे. आमच्याकडचे पोलीस आणि अबकारी शिपाई ज्याला ‘रसायन’ म्हणतात, ते आता तयार होण्याच्या मार्गाला लागले. उरला प्रश्न किण्वाचा.

येथेच निवडीचा प्रश्न उपस्थित होई, आणि तो वाटतो तितका सोपा नव्हता. पहिला मार्ग असा की, काहीच न घालता पिंप नुसते झाकून ठेवावे. धान्यावर, हवेत आणि मुख्यतः त्या पिंपाच्या फळ्यांच्या चिरांत वन्य किण्वे असतातच, ती आपले काम करतील. या मार्गात खर्च शून्य, पण वेळ फार, आणि तेवढ्या वेळात मद्यार्काचा शिर्का करून टाकणारे जंतू आत शिरण्याची धास्ती कायमची. दुसरा मार्ग म्हणजे बिअर करणाऱ्याकडून तिच्यावरचा फेस मागून आणणे. पण डोंगरात बिअर करणारा असेल तर ना! तिसरा मार्ग, आणि हाच पुढे कुशल गाळणाऱ्यांचा मार्ग ठरला, तो म्हणजे स्वतःचे किण्व स्वतः बाळगणे. हॉप नावाच्या वेलीची कडू फुले पाण्यात उकळून त्या काढ्यात मोडाचे पीठ कालवीत आणि त्यात आधीच्या किण्वाचा थोडा अंश सोडीत. हॉपच्या कडवटपणाने घातक जंतूंची वाढ खुंटे, किण्वाला मात्र त्याची बाधा होत नसे. हे मिश्रण मातीच्या बरणीत भरून थंड तळघरात किंवा झऱ्याच्या पाण्यात ठेवीत आणि दर वेळी त्यातले थोडे मागे राखून पुढचे लावीत. आपल्याकडच्या गृहिणी कालच्या दह्याचे विरजण आजच्या दुधाला लावतात, त्यातलाच हा प्रकार. विसाव्या शतकातल्या मोठमोठ्या मद्यनिर्मात्यांची घराणी ज्या किण्वाचा वाण पिढीजात मालमत्तेसारखा जपत आली, त्याचे मूळ या बरण्यांत आहे.

ही गोष्ट त्या काळच्या जाणत्यांच्या लक्षात आली नव्हती असे नाही. पेनसिल्व्हेनियातल्या सॅम्युअल मॅक्हॅरी या गाळणाऱ्याने १८०९ मध्ये आपल्या धंद्यावर एक व्यवहारोपयोगी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात भट्टीची मांडणी, धान्याची प्रमाणे, डुकरांचे खाद्य असे सर्व काही आहे, पण आरंभीचा मान त्याने किण्वाला दिला आहे आणि गाळणाऱ्यांचे त्याविषयीचे अज्ञान पाहून हळहळ व्यक्त केली आहे. चांगले किण्व ओळखण्याची त्या काळची साधने म्हणजे नाक, जीभ आणि डोळे. वास उग्र पण स्वच्छ हवा, त्याला कुजकेपणाची झाक नको. कोमट पाण्यात पिठाबरोबर थोडे घालून पाहिले तर फेस लवकर चढला पाहिजे आणि चढलेला टिकला पाहिजे. पिंपात ओतल्यावर काही तासांत पृष्ठभाग हलू लागे. मग पिठाच्या कोंड्याचा जाड थर वर येऊन झाकणासारखा बसे आणि त्याच्या भेगांतून वायू फसफसत बाहेर पडे. एका वजनाच्या शर्करेतून मद्यार्क निघतो तो जेमतेम निम्म्या वजनाचा. जवळजवळ उरलेले निम्मे वायुरूपाने उडून जाते, हे गणित त्या लोकांना माहीत नव्हते, पण वायूचा जोर पाहून पिंपाचे वय ते अचूक सांगत. गोडी संपून आंबट-कडू चव आली, वरचा थर खचून खाली बसला, की पिंप पिकले. त्यानंतर एक दिवसाचाही उशीर म्हणजे शिर्क्याला आमंत्रण. उष्णता जास्त झाली तर किण्व घाईने काम करून दारूत उग्र, डोके धरायला लावणारी द्रव्ये सोडी. थंडी जास्त झाली तर ते झोपी जाई. म्हणून हिवाळ्यात पिंपाभोवती गवत-पाला रचायचा आणि उन्हाळ्यात ते सावलीत, झऱ्याजवळ हलवायचे, हा शिरस्ता.

या विद्येचा मोठा भाग स्त्रियांच्या हाती होता, ही गोष्ट इतिहासात पुरेशी नमूद झालेली नाही. पावाचे किण्व आणि पिंपाचे किण्व एकाच बरणीतले. आणि पाव करणारी बाई घरातली. केंटकी राज्यातल्या केसी काउंटीत कॅथरीन कारपेंटर या स्त्रीने लिहिलेली १८१८ ची एक कृती केंटकीच्या इतिहास-संस्थेच्या दप्तरात आजही जपून ठेवलेली आहे. सहा बुशेल कढत ‘स्लॉप’, म्हणजे मागील गाळणीनंतर भट्टीच्या तळाशी राहिलेले आंबट पाणी, पिंपात ओतावे, त्यात बुशेलभर भरड मक्याचे पीठ कालवावे, पाचव्या दिवशी रायचे पीठ व मोडाचे पीठ गॅलन-गॅलन घालून पाऊण तास ढवळावे आणि कोमट पाण्याने पिंप भरून काढावे, असा तिचा मथितार्थ आहे. मागचे पाणी पुढच्या पिंपात वळवण्याच्या या रीतीतले मर्म पुढे रसायनशास्त्राने उलगडले: त्या पाण्याच्या आंबटपणामुळे नवे आंबवण आरंभापासूनच आम्लधर्मी होते, आणि अशा आम्लात नासवणाऱ्या जंतूंचा जम बसत नाही, पण किण्व मात्र सुखाने वाढते. लोकप्रिय समजूत या रीतीचे जनकत्व जेम्स क्रो या स्कॉटिश वैद्याला देते. प्रत्यक्षात त्याचे कर्तृत्व वेगळ्या जातीचे, आणि म्हणून कमी नव्हे, असे आहे. केंटकीतल्या वुडफर्ड काउंटीत, १८५६ साली मृत्यू येईपर्यंत, त्याने उष्णतामापक आणि शर्करामापक घेऊन प्रत्येक पिंपाची नोंद ठेवली, आणि जी गोष्ट केसी काउंटीतल्या स्वयंपाकघरात अनुभवाने होत होती, ती दर वेळी तशीच घडेल अशा शिस्तीत बसवली.

आता सरकारकडे वळू. स्वातंत्र्ययुद्धाचे कर्ज फेडण्यासाठी अलेक्झांडर हॅमिल्टन या अर्थमंत्र्याच्या सल्ल्याने १७९१ मध्ये अमेरिकन काँग्रेसने देशी दारूवर अबकारी बसवली. खेड्यापाड्यांतल्या भट्ट्यांना दोन पर्याय होते: गाळलेल्या प्रत्येक गॅलनमागे ९ सेंट, अथवा भट्टीच्या मापानुसार दर गॅलनमागे वर्षाकाठी ६० सेंट. या दुसऱ्या पर्यायात सरकारची दृष्टी स्पष्ट दिसते. भट्टी ही मोजता येणारी, शिक्का मारता येणारी, जप्त करता येणारी वस्तू. तिच्या पोटातले माप हाच महसुलाचा पाया. परिणाम असा झाला की, ज्याची भट्टी अहोरात्र पेटलेली असे त्या बड्या कारखानदाराला कर हलका पडला, आणि जो शेतकरी हंगामानंतर चार-सहा आठवडेच गाळणी करी, त्याला तोच कर जाचक झाला. कारण भट्टी वर्षभर कर देई, पण पिंपात किण्वाचे काम काही आठवडेच चाले. पश्चिम पेनसिल्व्हेनियातले शेतकरी बिथरले. वसुली-अंमलदारांना डांबर फासून पिसे चिकटवण्यात आली. जो शेजारी निमूट कर भरी, त्याच्या भट्टीवर रात्री गोळ्या झाडल्या जात आणि सकाळी ‘टॉम टिंकर’ या कल्हईवाल्याच्या नावाने धमकीचे पत्र सापडे. १७९४ च्या जुलैमध्ये जॉन नेव्हिल या वसुली-अधिकाऱ्याचा वाडा जाळण्यात आला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन स्वतः सुमारे १३,००० सैनिक घेऊन निघाले. बंड लढाईवाचूनच विरले, राजद्रोहाबद्दल दोघे दोषी ठरले, आणि त्या दोघांनाही वॉशिंग्टन यांनी माफी दिली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, सरकार भट्टी मोजत होते आणि बंडखोरही भट्टीच फोडत होते. पिंपाकडे दोन्ही पक्षांचे लक्ष नव्हते.

ज्यांनी हे बंड मोडले, तेच वॉशिंग्टन निवृत्तीनंतर आपल्या माउंट व्हर्ननच्या जमिनीवर दारूचे मोठे कारखानदार झाले, हा इतिहासाचा एक विनोद होय. जेम्स अँडरसन या स्कॉटिश कारभाऱ्याच्या आग्रहावरून १७९७ मध्ये त्यांनी गाळणी सुरू केली. १७९९ साली पाच तांब्याच्या भट्ट्यांतून तेथे सुमारे ११,००० गॅलन दारू निघाली. धान्याचे प्रमाण राय ६०, मका ३५ आणि मोडाचे जव ५ टक्के असे होते. आणि पिंपे ढवळण्यापासून भट्टी पेटती ठेवण्यापर्यंतची कामे करीत होते सहा गुलाम. टेनेसीत जॅक डॅनियल या मद्यनिर्मात्याला ही विद्या शिकवणारा नॅथन ग्रीन हाही गुलामगिरीत वाढलेला कृष्णवर्णी कारागीर होता. बाटलीवर नाव मालकाचे आणि पिंपाशी राबणारे हात दुसऱ्याचे, ही रीत त्या देशात फार जुनी आहे.

राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांच्या कारकिर्दीत, १८०२ मध्ये, हा कर रद्द झाला आणि १८१२ च्या युद्धाच्या सुमाराची चार-दोन वर्षे वगळली तर यादवी युद्धापर्यंत डोंगरातला शेतकरी आपल्या पिंपाचा निर्वेध धनी राहिला. याच काळात युरोपात किण्वाचे खरे रूप उलगडले. हॉलंडच्या लेव्हेनहूकने १६८० मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली बिअरमधले गोल कण पाहिले होते. पण ते जिवंत आहेत हे १८३७ च्या सुमारास कान्यार-लातूर, श्वान आणि क्यूत्सिंग या तिघांनी निरनिराळ्या ठिकाणी, एकमेकांवर अवलंबून न राहता, प्रतिपादन केले. लीबिगसारख्या प्रख्यात रसायनज्ञाने त्यांची थट्टा मांडली. १८५७ पासून लुई पाश्चरने प्रयोगांती त्यांचा पक्ष सिद्ध केला. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेन याने एका पेशीपासून वाढवलेले शुद्ध किण्व कारखान्यात वापरून दाखवले. आणि १८९७ मध्ये बूख्नरने पेशी चिरडून काढलेल्या रसानेही किण्वन होते असे दाखवून जुन्या वादाला निराळेच वळण दिले. या ज्ञानाचा लाभ मिळाला तो कारखान्याला. शुद्ध वाण, निर्जंतुक पात्रे आणि प्रयोगशाळा डोंगरातल्या झोपडीला परवडणाऱ्या नव्हत्या. तिच्याजवळ होती ती बरणी, आणि बरणीत एकाच जातीचे नव्हे, तर अनेक जातींचे मिश्र किण्व.

यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६२ मध्ये कर परतला तो कायमचा. गॅलनमागे २० सेंटांपासून चढत चढत १८६५ पर्यंत तो २ डॉलरवर, म्हणजे दारूच्या उत्पादनखर्चाच्या कित्येक पट, गेला. चोरटी दारू या शब्दाला आज जो अर्थ आहे, तो या दरापासून सुरू झाला. पुढे १८७६ पासून ग्रीन रॉम या महसूल-आयुक्ताच्या हुकमतीखाली डोंगरावर धाडींचे सत्र चालले. पण माझ्या मते त्याहूनही महत्त्वाचा आहे तो १८६८ चा कायदा. त्याने सरकारची नजर प्रथमच भट्टीवरून पिंपावर नेली. परवाना नसलेल्या जागी ऊर्ध्वपातनास योग्य असे आंबवण नुसते तयार करणे हाच गुन्हा ठरला. आणि परवानाधारक कारखान्याची क्षमता हंड्याच्या पोटावरून नव्हे, तर आंबवण्याच्या पिंपांचे आकारमान व आंबवण्याला लागणारी मुदत यांवरून ठरवली जाऊ लागली. किण्वाला किती दिवस लागतात, हा प्रश्न आता महसुलाच्या हिशेबात दाखल झाला. सरकारला पिंपाचे महत्त्व उमगायला सत्त्याहत्तर वर्षे लागली.

तरीही डोंगरी पिंप सापडणे कठीण होते. होरेस केफार्ट या ग्रंथपालाने उत्तर कॅरोलायनाच्या धुरकट पर्वतरांगांत राहून १९१३ मध्ये तेथील जीवनाचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात ही कृती तपशीलवार आली आहे. तळाला भोक असलेल्या भांड्यात मका भिजवून आणलेले मोड, त्यांचे पीठ, लापशी, आणि मग किण्व हाताशी नसेल तर आठ-दहा दिवसांची प्रतीक्षा. तो दीर्घ काळ हीच गाळणाऱ्याची धोक्याची वेळ. कारण भट्टी एका रात्रीत पाठीवर टाकून हलवता येते, भरलेले पिंप हलवता येत नाही. तरी एक गोष्ट त्याच्या बाजूची होती. मका त्याच्या शेतातला, मोड त्याने काढलेले, किण्व हवेतले नाहीतर बरणीतले. या सबंध व्यवहारात बाजारातून विकत आणलेली वस्तू म्हटली तर तांबे तेवढे. ज्याने काही विकत घेतले नाही, त्याचा माग काढणार कशावरून?

हे संरक्षण नाहीसे झाले ते घाईपायी. हंगेरीहून आलेल्या फ्लाइशमन बंधूंनी १८६८ मध्ये सिनसिनाटीजवळ दाबून वडी केलेले किण्व बनवण्यास आरंभ केला आणि १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनानंतर त्या वड्या देशभर गेल्या. एकाच जातीचे, जोमदार, भरवशाचे हे किण्व आठ दिवसांचे काम तीन-चार दिवसांत उरकी. मग १७ जानेवारी १९२० रोजी देशभर दारूबंदी लागू झाली. शहरांतून मागणी आणि किंमत एकदम उसळली, आणि मोटारीमुळे डोंगर शहराला जोडला गेला. मोड काढून, पिष्ट विरघळवून, बरणीतले किण्व लावून आठवडाभर थांबणाऱ्याला या बाजारात जागा उरली नाही. मक्याच्या जागी पोत्यांनी साखर आली. साखर थेट किण्वाच्या तोंडी देता येत असल्यामुळे शिजवणे गेले, मोड गेले. मका राहिला तो रंगारूपापुरता. तांब्याऐवजी पत्र्याची भांडी आणि नळीऐवजी मोटारीचे रेडिएटर आले, आणि त्यांच्या जोडणीतल्या शिशाने कित्येक पिणारे विषबाधेने पंगू झाले वा दगावले. व्हर्जिनियातल्या फ्रँकलिन काउंटीविषयी तर दारूबंदीच्या अंमलबजावणीची चौकशी करणाऱ्या विकरशॅम आयोगाच्या १९३१ मधल्या अहवालात असे नमूद झाले की, तेथील शंभर माणसांपैकी नव्व्याण्णव या ना त्या नात्याने चोरट्या दारूत गुंतलेली आहेत.

१९३५ मध्ये रोअनोक येथे या काउंटीतल्या चोरट्या दारूच्या कटाचा जो खटला चालला, त्यात सरकारने पुराव्यादाखल मांडल्या त्या प्रामुख्याने दुकानांच्या आणि रेल्वेच्या खातेवह्या. अवघ्या काही वर्षांत त्या विरळ वस्तीच्या काउंटीत सुमारे ३ कोटी ३८ लाख पौंड साखर आणि ७० हजार पौंडांवर किण्व उतरले होते. इतक्या किण्वाचे पाव त्या मुलखाने किती पिढ्या खाल्ले असते, हा प्रश्न कोणाही ज्यूरीला पडावा असाच होता. शेरवूड अँडरसन हा कादंबरीकार तो खटला ऐकायला बसला होता आणि त्यातून पुढच्या वर्षी त्याची ‘किट ब्रँडन’ ही कादंबरी निर्माण झाली. काउंटीचा सरकारी वकील कार्टर ली हाही आरोपींत होता, तो सुटला; पुष्कळांना शिक्षा झाल्या. याच सुमारास कायद्याने महसूल खात्याला अशीही मुभा दिली की, दारूला लागणारी साखर, काकवी, किण्व यांसारखी द्रव्ये विकणाऱ्यांकडून खरेदीदारांचा तपशील मागवावा. भट्टीचा धूर शोधण्यात आयुष्य घालवणाऱ्या खात्याला अखेर उमगले की, धुरापेक्षा पावती अधिक बोलकी असते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यातले काही ओळखीचे वाटेल. मुंबई सरकारने १८७८ च्या अबकारी कायद्याने घरगुती भट्ट्या बंद करून गाळणी मक्तेदारांच्या हवाली केली. तरी ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या रानांतून वारली, ठाकूर, कातकरी मोहाची फुले वेचून दारू काढीतच राहिले. मोहाच्या फुलात शर्करा आयती असते आणि फुलाबरोबरच वन्य किण्वही येते. मोड, लापशी, बरणी कशाचीच गरज नाही. म्हणून १८९२ च्या मोहडा कायद्याने सरकारने एकदम कच्च्या मालालाच हात घातला आणि ठरलेल्या मर्यादेबाहेर ती फुले जवळ बाळगण्यास मनाई केली. अमेरिकन सरकारला ज्या तत्त्वाशी पोहोचण्यास १९३० चे दशक उजाडले, ते येथे चाळीस वर्षे आधी अंमलात आले. फरक एवढाच की, मका हे ॲपलाचियन डोंगराचे अन्न असल्यामुळे त्याच्या बाळगण्यावर बंदी घालण्याचे धाडस तिथल्या निवडून आलेल्या सरकारने कधी केले नाही. मोहाची फुले हेही टंचाईच्या दिवसांत आदिवासींचे अन्नच होते, पण त्यांना विचारणारे कोणी नव्हते. पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईच्या परिसरात मोहाची जागा काळ्या गुळाने आणि नवसागराने घेतली, आणि अंमलदारांची नजरही त्यांच्यामागे गूळवाल्याच्या वखारीपर्यंत गेली. फ्रँकलिन काउंटीत मक्याची जागा साखरेने घेतली, त्याचीच ही प्रतिकृती होय.

दारूबंदी १९३३ मध्ये उठल्यावर किण्वाची जुनी विद्या जगली ती परवानाधारक कारखान्यांत. केंटकीतला फोर रोझेस हा कारखाना धान्याची दोन प्रमाणे आणि किण्वाचे पाच वाण यांच्या मिलाफातून दहा निरनिराळ्या जातींची व्हिस्की करतो. म्हणजे त्याच मक्यातून एकदा फुलांचा, एकदा मसाल्याचा, एकदा पिकल्या फळाचा गंध निघतो तो केवळ किण्व बदलल्याने. जी निवड एके काळी झोपडीतली बाई नाकाने करी, ती आता प्रयोगशाळेत होते. घरगुती उपयोगापुरती बिअर व द्राक्षमद्य आंबवण्यास अमेरिकन कायद्याने १९७८ मध्ये मोकळीक दिली. ऊर्ध्वपातनाला मात्र दिली नाही. त्यामुळे आज एकाच घरातले एकच पिंप, मालकाच्या मनात ते पिण्यासाठी आहे की गाळण्यासाठी, यावरून कायदेशीर वा बेकायदा ठरू शकते, आणि पाश्चरचे किण्व या भेदाविषयी संपूर्ण उदासीन असते.

या सर्व इतिहासाचा निष्कर्ष मला असा दिसतो की, डोंगरी शेतकऱ्याचे स्वातंत्र्य त्याच्या भट्टीत नव्हते. भट्ट्या सरकारने हजारोंनी फोडल्या, आणि तितक्याच पुन्हा उभ्या राहिल्या, कारण तांबे कोठेही मिळते. ते स्वातंत्र्य होते घरच्या मक्यात, घरच्या मोडात आणि घरच्या बरणीत, म्हणजे कोणाच्याही खातेवहीत न येणाऱ्या वस्तूंत. चार दिवसांच्या नफ्यासाठी त्याने बरणी टाकून वडी विकत घेतली आणि त्याच दिवशी तो खातेवहीत शिरला. १७९४ च्या तेरा हजार सैनिकांना जे साधले नाही, ते कागदात गुंडाळलेल्या वडीने साधले. आणि सरकारी फौजेला तोंड देणाऱ्या पणजोबापेक्षा दुकानदाराच्या उधारीवर वडी घेणारा पणतू अधिक धनवान होता, हे मान्य केले तरी आपल्या धंद्याचा तो धनी राहिला होता, असे म्हणता येणार नाही.